हाइलमधला वाफा

ती. बाबांना,

इथे हाइलच्या वाळवंटात बर्फ पडला आणि तुम्ही दिलेल्या बियांची अबोली काळी पडली. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे तेवढीच उरली होती. बर्फ वितळल्यावर मी वाफा उकरायला बसले, तेव्हा शेजारच्या उम्म फहद म्हणाल्या, "थांब. हे पाणी खोल जातं. वसंत येऊ दे."

अबोली फुटलीच नाही. पण आज अख्खा वाफा जांभळ्या रानफुलांनी भरलाय. कुणी पेरली नव्हती. "इथलं बी पाण्यासाठी वर्षानुवर्षं निजून राहतं," त्या म्हणाल्या. मी अबोली लावत होते, तेव्हाही ते माझ्या बोटांखालीच होतं.

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच रडले, बाबा. मग फाटकाबाहेर आले, तर समोरचं सगळं वाळवंट जांभळं झालं होतं.

तुमची,
तन्वी