ब्रेकमध्ये मिलचं तेल

मंगळवार, भोईवाडा

आज माझ्या हातून एक बाई मेली असती. उतारावर ब्रेक लागेना. ती हंडा टाकून पळाली, मी टेम्पो भिंतीला घासत थांबवला.

मेकॅनिक म्हणाला, "काका, ब्रेकमध्ये मशीनचं तेल ओतलंत? आतली रबरं फुगली."

ओतलं मीच. संपात नोकरी गेली, तरी मिलच्या तेलाचा डबा जपून ठेवला होता. वीस वर्षं त्या तेलावर माग चालवले, मला कोण काय शिकवणार? मस्ती, दुसरं काय!

बायको म्हणाली, "आता तरी तो डबो टाका." टाकवत नाही. सकाळी कफ परेडची कोळीण मावशी मासळी घेऊन माझ्या टेम्पोची वाट बघत उभी राहील. तिला काय सांगू?

माग बरा होता. धागा तुटला की आपणहून थांबायचा.