मोसंबीची बाग आणि डब्यातला रस

मी, वनमाला बद्रीनाथ ढोबळे, वय चौऱ्याहत्तर, राहणार कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र लिहीत आहे. कारण गेल्या रविवारी, दारात मोसंबीची बाग असताना, माझ्या घरी पाहुण्याला डब्यातला रस पाजला गेला. माझे डोके शाबूत आहे, दातही निम्मे आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून पाहावा.

१. पाहुणा म्हणजे चिरंजीव विजयसिंहाने आणलेला प्लॉटिंगवाला. माझ्यामागे बाग तोडून प्लॉट पाडायचे, असे दोघांचे ठरले होते. रस दिला सून करिष्माने. तिला एक फळही मिळू नये, असे मी त्याच क्षणी ठरवले. त्याचे पुढे पाहू.

२. घर व बँकेतील ठेव विजयसिंहाला. बाग नाही. पन्नाशीला आला तरी त्याला फळ निवडता येत नाही. पिवळे दिसले की तोडतो. मोसंबी हातावर तोलून घ्यायची. हिरवट असली तरी चालेल, साल पातळ हवी आणि हाताला जड लागली पाहिजे. पिवळीधमक, फुगीर, हलकी असेल तर आत नुसता चोथा. प्लॉटिंगवालाही त्याने असाच निवडला.

३. कागदी लिंबाचे झाड, काट्यांसह, जाऊबाई सुंदरबाई यांना. बाजारात संत्र्याची फोड चवीला मागायची, खायची आणि "आंबट हाय" म्हणून पुढच्या गाड्यावर जायचे, असा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. आता लिंबाची फोड चाखावी.

४. ईडलिंबाच्या लोणच्याची बरणी आमच्या डॉक्टरांना. त्यांनी माझे मीठ तोडले; त्यांचे कोणी तोडलेले नाही.

५. तेराव्याला आलेल्यांना टोपलीतून एकेक मोसंबी स्वतः निवडू द्यावी. चोथा निघाल्यास बदलून देऊ नये.

६. आता बाग. ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. पाहुणा गेल्यावर मी करिष्माला फैलावर घेतले, "दारात बाग असून डबा? लाज न्हाई वाटत?"

ती पेले विसळत म्हणाली, "आत्याबाई, जो आपली झाडं तोडायला आलाय, त्याला त्याच झाडांचा रस कशापायी पाजू?"

विजयसिंह चिडला. "अगं, निदान गार तरी द्यायचा!"

"गार दिला असता तर अजून बसला असता."

मी अंबाजोगाईच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे. दोन्ही उत्तरांना मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. तेवढ्यात तिने पदराआडून एक मोसंबी काढून माझ्या हातावर ठेवली. हिरवट होती. जड होती.

सबब बाग, विहिरीसह, करिष्माला. विजयसिंहाने फळे खावीत, तोडू नयेत.

साक्षीदार:
रामहरी खाडे, शेजारी. (सही)
संगमेश्वर, किराणा दुकानदार. डबा यांच्याच दुकानातला. म्हणून साक्षीला बसवले. (सही)

वनमाला बद्रीनाथ ढोबळे (सही)
कडा, १५ ऑक्टोबर २०२५

ताबा दिल्याची नोंद: बागेच्या फाटकाची किल्ली आजच करिष्माच्या हाती दिली. माझ्या मरणापर्यंत थांबले नाही, फळे उतरवायला आली आहेत. विजयसिंहाचे तोंड उतरले होते, म्हणून त्याच्यापुढे टोपली धरली आणि सांगितले, "घे, तुला आवडेल ती."

त्याने पिवळी उचलली.