लेप वाळेपर्यंत

२ नोव्हेंबर, शनिवार
मुलीला बंदराच्या गावी नोकरी लागली. अकरा तारखेला रुजू. आपली गाडी तिला द्यायची असं घरात ठरलं. मला विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. तिथे खारी हवा. गाडीची खालून गंजून चाळण होईल. गॅरेजवाला म्हणाला, आणून टाका, खालून लेप मारायला अर्धा दिवस. नको म्हटलं. आपला हात जगन्नाथ. लॅनोलिनच्या लेपाचा मोठा डबा आणला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. मेंढी जन्मभर पावसात उभी असते. गंजलेली मेंढी कोणी पाहिली आहे?

३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
तासाभरात आटपेल.

दुपारी
निम्मं झालं. गाडीखाली उताणं पडून ब्रश मारायचा म्हणजे लेप आधी आपल्याला लागतो, उरला तर गाडीला. डाव्या डोळ्यात गेला. कानातही. बायको म्हणाली, घरात मेंढरू शिरलंय का? मग माझे हात हातात घेऊन म्हणाली, काय मऊ झालेत, लग्नातसुद्धा एवढे नव्हते. कौतुक म्हणून नोंदवतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार
लेप अजून ओला. मुलीने सरावासाठी गाडी मागितली. नाही म्हटलं. ओल्यावर धूळ बसली की सगळी मेहनत पाण्यात. ती किल्ली खिळ्याला अडकवून आत गेली. समजूतदार आहे, माझ्यावर गेली आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार
हॉलमधला टेबलफॅन गाडीखाली लावला. घरात उकडतंय अशी तक्रार आली. मोठ्या कामात थोडी झळ सोसावी लागते.

७ नोव्हेंबर, गुरुवार
ओलाच. पहिला हात पातळ बसला असणार. दुसरा मारला. उद्या खडखडीत वाळणार, शंकाच नको.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
बायकोने चष्मा लावून डबा वाचला. म्हणाली, अहो, हा लेप कधी वाळतच नाही. वाळू नये असाच बनवलाय. लावायचा आणि गाडी चालवायची. मी शांतपणे सांगितलं की मला हे ठाऊक होतं. मग फॅन कशाला, असं तिने विचारलं. फॅनचं कारण वेगळं होतं. सवडीने लिहीन.
मुलगी म्हणाली, मग आता गाडी द्या. म्हटलं, दोन हात झालेत, जरा मुरू दे.

९ नोव्हेंबर, शनिवार
आज मुलीने सरळच विचारलं, बाबा, गाडी द्यायची नाहीये की मला जाऊ द्यायचं नाहीये? प्रश्न निव्वळ टेक्निकल आहे, असं मी म्हटलं. ती बॅग भरायला गेली. मी गाडीखाली जाऊन पडलो. तिथे खरं तर काही काम उरलं नव्हतं. या लेपाचा वास फार उग्र, डोळ्यांना पाणी येतं.

१० नोव्हेंबर, रविवार
ती बसने गेली. स्टँडवर सोडायला गाडी काढतो म्हणालो, तोवर टॅक्सी दारात उभी. नाहीतर काढणारच होतो. बायको दिवसभर माझ्याशी मोजकं बोलतेय. सकाळच्या धावपळीची दगदग, दुसरं काय. संकल्प: पुढच्या रविवारी गाडी स्वतः नेऊन द्यायची. पोरगी खूश होईल.

१७ नोव्हेंबर, रविवार
खालून पुन्हा तपासली. गंजाचा ठिपका नाही. निघण्याआधी फोन केला. ती म्हणाली, गाडी आता नको, ऑफिसची बस दारावरून जाते, शिवाय मैत्रिणीची जुनी स्कूटर घेतली आहे. मी लगेच विचारलं, खालून गंज कितपत आहे? अर्धा डबा शिल्लक आहे, घेऊन येतो. ती हसली. मग म्हणाली, बाबा, काही आणू नका, काही लावू नका. तुम्ही नुसते या.

नुसतं म्हणजे कसं यायचं, ते विचारायचं राहून गेलं.