स्पेसबार, बॅकस्पेस आणि बिस्किटांचा पुरावा

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.४०

आज संकल्पाचा दिवस. 'हेत्वाभास: स्वरूप आणि प्रकार' हा माझा ग्रंथ येत्या तीस तारखेपर्यंत संपादकांच्या हाती द्यावयाचा आहे. माणसे चुकीच्या कारणांवरून चुकीच्या निष्कर्षांना कशी पोहोचतात, याचे हे शिस्तबद्ध विवेचन. अपेक्षित पाने दोनशे वीस. सिद्ध पाने अकरा. उरली दोनशे नऊ. दिवस तीस. म्हणजे रोज सात. सात पाने म्हणजे काहीच नव्हे. तस्मात् ग्रंथ पूर्ण झाल्यात जमा आहे.

निवृत्तीच्या दिवशी ग्रंथास आरंभ केला, त्यास नऊ वर्षे झाली, हे खरे. परंतु गेलेल्या काळाचा वेग येणाऱ्या काळास लावणे हाही एक हेत्वाभासच आहे. प्रकरण चौथे. लिहावयाचे आहे.

पद्धती ठरली. प्रथम वहीत शिसपेन्सिलीने मसुदा, मग लॅपटॉपवर टंकन. टेबल संदर्भग्रंथांनी भरलेले असल्यामुळे वही उघड्या लॅपटॉपवरच ठेवतो. उंची अगदी योग्य मिळते.

रोजनिशी मात्र शाईच्या पेनाने. येथे खोडावे असे काही नसते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११

तीन दिवस मसुद्यात गेले. पहिले वाक्य निर्दोष होईपर्यंत दुसऱ्याला हात लावावयाचा नाही, हा माझा नियम. आज ते टंकित करावयास बसलो, तर स्पेसबार दाबली जाईना. दाबली गेली तेव्हा वर येईना. वर आली तेव्हा एका शब्दानंतर नऊ मोकळ्या जागा पडल्या होत्या.

बॅकस्पेसने त्या पुसाव्यात म्हटले, तर बॅकस्पेसही ढिम्म.

ज्या यंत्रावर लिहिलेले पुसता येत नाही, त्यावर जबाबदार मनुष्याने लिहावे तरी कसे? आजची पाने: शून्य. कारण माझ्या बाहेरचे आहे, याची नोंद करून ठेवतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४

कारण सापडले. विधिवत मांडतो.

प्रतिज्ञा: कीबोर्ड बिस्किटांच्या चुऱ्याने बिघडला आहे. हेतू: कळा अडकत आहेत. व्याप्ती: जेथे जेथे चुरा, तेथे तेथे अडकणे. या घरात बिस्किटे खाणारी व्यक्ती एकच, आणि ती दर रविवारी याच लॅपटॉपवर मुलीशी तासभर बोलते. निगमन, म्हणजे निष्कर्ष, लिहिण्याची आवश्यकता नाही.

निगमन हिला जाऊन सांगितले. ही भांडी विसळत होती. मागे न वळताच म्हणाली, अहो, मी बिस्किटं खाते ती ओट्यापाशी उभ्यानं, बसून खायला मला फुरसत कुठंय? मी म्हटले की हा प्रतिवाद नव्हे, ही तक्रार आहे. त्यावर म्हणाली, मग तक्रारच समजा, आणि जाताना तो कप इकडे द्या.

कप दिला. परंतु मुद्दा सोडला नाही. लॅपटॉपला पासवर्ड घातला. ग्रंथ पूर्ण होईपर्यंत त्यास अन्य कोणी स्पर्श करावयाचा नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ही आज मुलीशी मोबाइलवर बोलली. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तो चार वेळा घसरून पालथा पडला. नातवाला नुकतेच बसता येऊ लागले आहे म्हणे. हिने चष्म्यावर चष्मा धरून पाहिले आणि विचारले, हा बसलाय की लोळतोय गं?

मुलीने मला फोनवर बोलावून घेतले. म्हणाली, बाबा, बाहेरून जोडायचा कीबोर्ड मिळतो, मी पाठवून देते, दोन दिवसांत येईल. मी तिला समजावले की मूळ प्रश्न न सोडवता त्याला वळसा घालणे यास पळवाट म्हणतात. प्रकरण सहावे. तिने विचारले, लिहिलंत का? मी म्हटले, कीबोर्ड कुठे आहे? ती म्हणाली, तोच तर पाठवतेय ना बाबा!

तरुण पिढी युक्तिवादात वर्तुळे फार काढते. फोन हिच्या हाती दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९.१५

नियंत्रित प्रयोग पूर्ण. सहा दिवस लॅपटॉपला माझ्याखेरीज कोणाचाही हात लागला नाही. खोलीत बिस्किटांना प्रवेशबंदी. या अवधीत मी केवळ मसुदा लिहिला. खोडला. लिहिला. खोडरबर हा विचारवंताचा खरा सहकारी. मधूनमधून फुंकर मारली की पान पुन्हा स्वच्छ.

फल: बिघाड वाढला. आता एंटरही दाबली जात नाही.

वरकरणी पाहता यावरून ही निर्दोष ठरते. परंतु तसे मानणे उतावीळपणाचे होईल. कारण नाहीसे झाले तरी कार्य रेंगाळू शकते. बिस्किटे भूतकाळातील असावीत.

हिला निकाल कळवला. म्हणाली, म्हणजे मी आता न खाल्लेल्या बिस्किटांचीही गुन्हेगार का? मी म्हटले, खाल्लेल्याच, पण पूर्वी. ती हसली. ते हसणे मला पूर्णपणे कळले नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीच्या मदतकेंद्रास फोन. पंचवीस मिनिटे संगीत. नंतर एक अतिनम्र गृहस्थ. सर, लॅपटॉपवर पाणी सांडलं का? नाही. चहा? नाही. सर, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला का? मी म्हटले, आपण कारणांची यादी उतरत्या संभाव्यतेने विचारीत आहात की वर्णानुक्रमाने? ते म्हणाले, सर, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला का?

केला. काही घडले नाही. त्यांनी विचारले, सर, आपलं समाधान झालं का? मी 'समाधान' या पदाची व्याख्या मागितली. फोन बंद झाला.

चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. विद्यार्थी माघारी मला 'तस्मात्' म्हणत. त्यांतला कोणीही माझे वाक्य अर्धवट ऐकून वर्गाबाहेर गेला नाही. निदान मला दिसेल असा गेला नाही.

पाने: शून्य. आता रोजची सोळा पडतात. सोळा हीदेखील अवघड नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी १०.३०

संपादकांचा फोन. एके काळचा माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, कुठवर आलंय? मी कीबोर्डची हकीकत सविस्तर, कारणमीमांसेसह सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, सर, गेल्या वर्षी प्रिंटर होता. त्याच्या आदल्या वर्षी चष्म्याचा नंबर. त्याच्या आधी खिडकीबाहेरचं खोदकाम.

मी म्हटले, चार स्वतंत्र घटनांवरून सामान्य नियम काढू नये. तो म्हणाला, नाही काढत सर, पण तीस तारखेला हाती काही आलं नाही, तर आपलं नाव आगामी पुस्तकांच्या यादीतून काढावं लागेल.

हा भयप्रदर्शनाचा हेत्वाभास. प्रकरण नववे. विद्यार्थ्याने माझ्यावरच वापरला. शिकवणे अगदीच वाया गेले नाही म्हणावयाचे.

 

२४ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी ६

हिने मला न विचारता दुरुस्तीवाली बोलावली. तिशीची मुलगी, कपाळावर दिवा बांधलेला, पाठीवर पिशवी. चपला दारात काढल्या आणि विचारले, काका, पेशंट कुठंय?

मी पेशंटचा संपूर्ण पूर्वेतिहास सांगू लागलो. प्रतिज्ञेपाशी पोहोचलो तोवर तिने लॅपटॉप उलटा करून अकरा स्क्रू काढले होते. ते बर्फाच्या ट्रेच्या खणांत ओळीने ठेवले. पद्धतशीर मुलगी. मी तिला एवढेच सुचवले की आत बिस्किटांचा चुरा निघाल्यास तसे लेखी द्यावे. ही चहा घेऊन आली होती, ती तिथेच खुर्ची ओढून बसली. म्हणाली, द्या हो ताई, लेखीच द्या.

त्या दुरुस्तीवालीने प्लॅस्टिकच्या पट्टीने कळा उचलल्या. खाली राखाडी, बारीक, वळलेल्या अळ्यांसारखे काहीतरी गच्च बसले होते. ब्रशने झाडले तर मूठभर निघाले. मी म्हटले, हेच ते! तिने चिमटीत धरून चुरडले. चुरडले जाईना, ताणले गेले. नाकापाशी नेले. म्हणाली, काका, बिस्कीट असं रबरासारखं ताणलं जात नाही. हा खोडरबरचा चुरा आहे. यावर वही ठेवून कोण खोडतं?

खोलीत तीन माणसे होती. दोघींनी तिसऱ्याकडे पाहिले.

एवढ्यावर थांबावे की नाही? ती मुलगी म्हणाली, गंमत आहे पण, बाकीच्या कळा कोऱ्या करकरीत आहेत, अक्षरंसुद्धा पुसलेली नाहीत. एकटी बॅकस्पेस झिजून गुळगुळीत झालीय. काका, तुम्ही गेम खेळता का? गेम खेळणाऱ्यांची अशीच एखादी कळ जाते.

मी म्हटले, मी ग्रंथ लिहितो. ती म्हणाली, हो का, आणि पुढे काही बोलली नाही. त्या न बोलण्यात मला युक्तिवादाची प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंत पाचही अंगे ऐकू आली.

सारा चुरा तिने एका छोट्या पारदर्शक पिशवीत भरला. हिने ती पिशवी हातात घेतली, तोलून पाहिली, आणि म्हणाली, अहो, संपादकांना हीच पाठवून द्या. नऊ वर्षांचं लिखाण आहे, वजनदार आहे.

नवा कीबोर्ड उद्या सकाळी बसेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२

बसला. प्रत्येक कळ तपासली. एकशे एक वेळा स्पेसबार, एकशे एक वेळा बॅकस्पेस. निर्दोष.

आता लिहिण्यात कोणतीही अडचण नाही.

तस्मात्

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कीबोर्ड चालतो आहे. पाने: शून्य. आज कारण लिहिलेले नाही.

पिशवी हिने माझ्या संदर्भग्रंथांच्या शेजारी, फडताळात उभी करून ठेवली आहे. हलवावी म्हटले, पण हलवली नाही. पुराव्याशी छेडछाड नको.

सायंकाळी ही म्हणाली, तुमच्या रोजनिशीची ही तेविसावी वही ना? तीत भराभर लिहिता, एकदाही थांबत नाही. ते कसं जमतं? मी म्हटले, ती कोणी वाचणार नसते.   दोघांनी टीव्ही पाहिला.

३० नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी ५

सकाळी दहाला संपादकास मीच फोन केला. सांगितले, पाने अकरा आहेत. आठ वर्षांपूर्वीही अकराच होती. कीबोर्डचा दोष नाही. प्रिंटरचाही नव्हता. खोदकामाचा थोडा होता.

 तो म्हणाला, सर, रागावू नका, पण यादी ऑक्टोबरमध्येच छापून झाली. आपलं नाव त्यात घेतलं नव्हतं. मी फोन करतो तो आपली कोणी वाट पाहतंय असं आपल्याला वाटावं म्हणून. चालू ठेवू ना?

मी म्हटले, चालू ठेव. शक्यतो शुक्रवारी. साडेदहाला.

हा कोणत्या प्रकरणात बसतो, ते शोधले. कोणत्याच नाही.

मग हिची क्षमा मागण्यास बसलो. पेन्सिलीने. पहिला मसुदा: 'उपलब्ध पुराव्याच्या मर्यादेत माझे अनुमान त्या वेळी ग्राह्य होते, तथापि...' खोडला. दुसरा: 'जर माझ्या बोलण्याने तू दुखावली असशील, तर...' खोडला. हिच्यापाशी 'जर' चालत नाही, हे चव्वेचाळीस वर्षांत सिद्ध झालेले आहे. तिसरा इतका निर्दोष होता की त्यात क्षमाच नव्हती. तोही खोडला. फुंकर मारली. शेवटी शाईचे पेन घेतले आणि लिहिले: चूक माझी.

चिठ्ठी आणि पासवर्ड दोन्ही दिले. हिने चष्मा लावून दोन शब्द दोनदा वाचले. म्हणाली, पेननं लिहिलंत? म्हटले, हो. म्हणाली, बरं केलंत, नाहीतर मी वाचेपर्यंत खोडली गेली असती. चिठ्ठी पदराखाली कुठेतरी गेली. मग ही लॅपटॉप उघडून तासभर मुलीशी बोलली. नातू बसलेला आहे, लोळत नाही, हे मीही मोठ्या पडद्यावर प्रत्यक्ष पाहिले. हिच्या हातात बिस्कीट होते. एक मलाही दिले. 

आता ही आत गेली आहे. लॅपटॉप बंद करावा म्हणून उठलो, तर स्पेसबार किंचित अडकते आहे.

दिवा जवळ घेऊन पाहिले. कळांच्या फटीत राखाडी वळ्या, तीन मसुद्यांच्या. वही सकाळी कशावर ठेवली होती, ते तेव्हा लक्षात आले. आणि त्यांच्या शेजारी, अगदी स्पेसबारच्या कडेला, बिस्किटाचा एक कण. खरा. सोनेरी. नि:संदिग्ध.

संपूर्ण महिन्यात माझ्या बाजूने हाती आलेला हा पहिलाच पुरावा. चिमटीत धरून बराच वेळ पाहिला.

मग खाऊन टाकला.