पलंगाखालचं घोरणं

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं पथ्य चालू आहे ना? (नसणार, हे ठाऊक असूनही विचारते.) आम्ही दोघं ठीक. निदान घरात दोघंच आहोत, असं धरून चालते.

तुला माहीतच आहे, यांना बेडकांच्या अभ्यासासाठी हा बंद पडलेला तरणतलाव मिळाला आणि मला त्यामागचं रखवालदाराचं घर. बेडूक सगळे एकाच जातीचे. पण तलावातले फरशीसारखे फिकट निळे, बॉयलरच्या खोलीतले काजळीसारखे काळे, बागेतले वाळक्या पानांत दिसायचेसुद्धा नाहीत. "उठून दिसतो तो खाल्ला जातो, लपतो त्याची पिल्लं होतात. असं पिढ्यान् पिढ्या चालतं," हे मला जेवताना समजावतात (जेवण तिथंच संपतं). आवाजही बदलतो म्हणे. बागेला पाणी देणाऱ्या पंपाच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून तिथले चिरक्या आवाजात ओरडतात. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

मग न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला. प्लंबरने वायसर बदलला, नळ बदलला, शेवटी पाणीच बंद केलं, तरी टप टप चालूच. त्याने बादलीमागे वाकून पाहिलं आणि जो गेला तो पान्हा न्यायलाही फिरकला नाही. मागे बादलीच्याच हिरव्या रंगाचा बेडूक बसून, गळा फुगवत, शांतपणे ठिबकत होता. हे आधी हरखले, मग बोटांवर महिने मोजायला लागले. "आपण गेल्या हिवाळ्यात आलो. इतक्या लवकर हे होत नसतं गं," एवढंच म्हणाले.

परवा दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागे यांचं घोरणं सुरू. "कुशीवर वळा," म्हटलं, तर थांबलं, आणि मग जरा हळू आवाजात सुरू झालं. (लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं कधी ऐकलं नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.) तेवढ्यात हे भाजीची पिशवी घेऊन बाहेरून आत आले. मी उठले, आणि दोघंही उभे राहून ऐकत राहिलो. यांनी माझा हात धरला. पलंगाखाली वाकून पाहायला अजून कुणी तयार नाही. अभ्यासकसुद्धा.

तुझी,
धाकटी

ता. क. : खरं काम हे की, महिनाभर तुझ्याकडे राहायला येऊ का? हे येत नाहीत. म्हणतात, "आता कसा निघू?" मी बॅग नीट झटकून भरते आहे.

आणखी एक : लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहायची माझी खोड तुला ठाऊक आहे. आत्ता मी तोंड मिटून बसले आहे, आणि आतल्या खोलीतून माझ्याच आवाजात कुणीतरी "ताई, ताई" करतंय. तेव्हा तुझ्या दारात मी हाक मारली, तर लगेच कडी काढू नकोस. आधी खिडकीतून बघ.