अकरालाच पडणारा छर्रा

दिन्या,

प्रिय-बिय लिहीत न्हाय. जन्मात तुला कवा प्रिय म्हणलो न्हाय, आता म्हणलं तर तूच हसशील. सातवीपातूर शिकलेला सुतार मी. लिहिणं म्हंजे फळीवर पेन्सिलीनं मापं टाकणं, तेवढंच. पर तुला एक इचारायचं हाय, आन समोर बसून इचारायला तू न्हाईस.

तुझ्या तेराव्याला मांडव घालायचा म्हणून तुझं जुगाराचं टेबल उचललं. तवा पायाखाली जे सापडलं, ते तवाच लिहिणार व्हतो. पर काल जे झालं ते झाल्याबिगर लिहून काय उपेग नव्हता. आता झालंय. ऐक.

शांता मला एकटा टाकून देवाघरी गेली त्या सालात मी बाजंवरनं उठत नव्हतो, आठवतंय न्हवं तुला? रंधा, पटाशी, समदं गंजलं. सुना ताट आणून ठेवायच्या आन परत न्यायच्या. गावातली माणसं यायची, हळू आवाजात बोलायची, चा पिऊन जायची. मला त्या हळू बोलण्याचाच राग. एक तूच आलास आन दारातनंच वरडलास, "बबन्या, गोव्याला जाऊन आलो."

जावयानं नेलं व्हतं तुला. बोटीवरच्या कॅसिनोत. तिकिटात जेवाण व्हतं म्हणून गेलास, दोनदा जेवलास, आन एक पैसा न लावता चार तास त्या गोल फिरणाऱ्या चाकाकडं बघत बसलास. मला सांगताना निस्ता हात फिरवत व्हतास. "हिरवं कापड. कडंनं मऊ गादी. मधी चाक. आन छर्रा असा फिरतो, असा फिरतो, आन टुक करून घरात बसतो. आपण करू."

म्हणलं, येडा झालास का? सत्तरी आली.

"ऱ्हाऊ दे मग," तू म्हणलास. "इंदापूरच्या त्या पोरग्या सुताराला सांगतो. प्लायवूड लावून देतो म्हणतोय."

प्लायवूड! तुला पक्कं ठाऊक व्हतं मला कुठं टोचायचं. दुसऱ्या दिवशी रंध्याला धार लावली मी.

किती वाद घातलास, दिन्या. तुला आठ कोनाचं पायजे, मला चौकोनी सोपं. तुला पाय नक्षीचे पायजेत, म्हणलं नक्षी करायची तर देवघर करीन, जुगाराला कशाला? शेवटी आठ कोन तुझे आन साधे पाय माझे. बाभळीचं लाकूड, घट्ट. कडंच्या गादीला काय घालायचं कळंना. तूच ठिबकची जुनी नळी उसातनं ओढून आणलीस, तिच्यावर रेक्झिन गुंडाळलं. लोकं हात ठेवून म्हणायची, काय मऊ केलंय. कुणाला सांगितलं न्हाय नळी हाय म्हणून.

हिरव्या कापडाला बारामतीला गेलो. दुकानदारानं इचारलं, "कशाला पायजे काका?" तू लगेच, "ग्रामपंचायतीच्या टेबलाला." त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, वर कापड दोन इंच जास्तीचं फाडलं. येताना एसटीत तू इतका हसलास की कंडक्टरनं इचारलं, बरं हाय न्हवं म्हाताऱ्याला?

चाक तेवढं जमंना. सायकलीचं हब लावलं, डुगडुगायचं. ट्रॅक्टरचं बेअरिंग लावलं, जाम फिरायचं न्हाय. तिसऱ्या दिवशी मी हातोडा फेकला. मला धीर कमी, तुला म्हाईत. तू म्हणलास, "चाक नगं फिरवू. मोठी परात बसवू, फिरंल तो छर्रा फिरंल. काय फरक पडतोय?" परातीत पत्र्याच्या पट्ट्या लावून बारा घरं केली. तांबड्या ऑइलपेंटनं आकडे मीच काढले. तीन उलटा निघाला, तसाच ठेवला.

परात बसवली त्या दिवशी मी पाणसळ लावून बघितली. चारी बाजूंनी बुडबुडा मधोमध. तुझ्या अंगणातल्या चिंचंखाली टेबल ठेवलं आन तुला म्हणलं, आता ह्याला कुणी लेव्हल बघायची गरज न्हाय, बबन सुताराचं काम हाय.

तितंच फसलो. न्हवं?

पैशाचा खेळ नगं हे सुमन वहिनीनं, तुझ्या कारभारणीनं, पयल्याच दिवशी सांगितलं. "एक रुपया जरी दिसला तर चुलीत घालीन, टेबलासकट." मग चिंचोके. पर निस्त्या चिंचोक्याला गडी रोज येणार कशाला? तवा तू तो नियम काढलास. आपल्यात पाठीची खुर्ची एकच, बाकी स्टुलं. ज्याचा आकडा लागंल त्यानं दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसायचं. बसायलाच पायजे, खुर्ची रिकामी ऱ्हायली तर खेळ बंद.

मला वाटलं, असंच कायतरी काढलंय ह्यानं.

मी, तू, गुलाबतात्या, पोपटराव. तात्या शाळेत शिपाई व्हता, अजून बी घंटा झाल्यागत वेळेवर येतो. पोपटराव सगळ्यात आधी येऊन सगळ्यात जास्ती कुरकुरतो. मी अकरावर लावायचो. कारण काय? अकरा माझ्या म्होरं व्हतं, हात लांबवायचा कटाळा. आन वहिनी आतनं, सैपाकाच्या दारातनं, "भावजी, माझे पाच सातावर ठेवा." कारण तिथनं तिला सातच दिसायचं. कवा भाईर येऊन बसली न्हाय. आतनंच खेळली, आतनंच हरली.

आन माझा अकरा लागायचा. पयल्या दिवशी लागला, तिसऱ्या दिवशी लागला, मग आठवड्यातनं चार-चार दिस. खुर्ची माझीच. मग मला यायलाच लागायचं. कपडे बदलून, दाढी करून. सुना म्हणायच्या, मामा आज लवकर? म्हणायचो, माझ्यासाठी खेळ थांबलाय.

किती फुशारक्या मारल्या रं मी. पोपटराव चिडायचा, "ह्याला काय घबाड लागलंय का?" मी म्हणायचो, नशीब लागतं. आन तुला म्हणायचो, दिन्या, तुझं नशीब फुटकं, एसटी चालवता चालवता सांडलं कुठंतरी वाटंवर. तू समोर पाचापाशी बसून कपाळाला हात लावायचास. "गेलं रं परत! ह्या बबन्याच्या हातात जादू हाय!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वरडायचास. चिंचोके माझ्याकडं लोटताना तोंड असं करायचास की मला हसू यायचं. शांता गेल्यापास्नं मी पयल्यांदा हसलो ते तुझ्या त्या तोंडाला.

आन ती सुतळी. तुझ्या खाकी पँटला पट्ट्याच्या जागी सुतळी. म्हणलं, एसटीत तीस वर्सं घातलेला पट्टा कुठं गेला? म्हणलास, "पोट आत गेलंय, पट्टा बसत न्हाय." ह्यावर बी मी तुझी टिंगल केली. सगळ्यांम्होरं. दोन वर्सं.

बारामतीच्या दवाखान्यात तुला बघायला आलो, तवा नळ्या लावलेल्या, बोलताना धाप लागत व्हती. मला वाटलं वहिनीचं काय सांगशील, शेताचं सांगशील. तू म्हणलास, "टेबल हलवू नगं. जागेवर ऱ्हाऊ दे." मला राग आला. म्हणलं, मरायला लागला तरी टेबलच? आन मी काय बोललो आठवतंय? "गप पड." शेवटचं बोलणं आपलं ते. मी तुला गप पड म्हणलो.

तेराव्याला पोपटरावानं आन मी टेबल उचललं. पाचाजवळच्या पायाखालनं, म्हंजे तुझ्या स्टुलापाशी, चामड्याचा तुकडा पडला. बोटभर. मधी भोक, पट्ट्याचं असतं तसं. दाबून दाबून गुळगुळीत झालेला. पोपटराव म्हणला, "चिपाट हाय, टाक." मी खिशात घातला.

घरी आलो. ते भोक बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. तुझा पाय वर, म्हंजे माझी बाजू खाली. छर्रा फिरून फिरून दमला की उताराला येणार, म्हंजे अकरालाच. चाक फिरतं केलं असतं तर हे जमलंच नसतं. म्हणून तू चाक नगं म्हणलास? का नंतर सुचलं? हेच इचारायचं व्हतं मला. दुसरं असं, की मला सांगितलं का न्हाईस? सांगितलं असतंस तर मी टेबलाला लाथ मारून घरी गेलो असतो. व्हय, म्हणूनच न्हाय सांगितलंस. कळतंय मला. तरी इचारतोय.

चाळीस वर्सं सुतारकी केली आन माझ्याच टेबलाचा उतार मला दिसला न्हाय. माझं काम हाय ते वाकडं असंल कसं, ह्या गुर्मीत पयल्या दिवसानंतर परत एकदा बी पाणसळ लावली न्हाय. तू त्याच्यावरच भरवसा ठेवलास न्हवं?

तर आता पुढचं. तू गेल्यावर वहिनी भाईर येईना. लेक पंधरा दिस ऱ्हायली, गेली. वहिनी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. शेजारणी जायच्या, हळू आवाजात बोलायच्या. मी एकदा गेलो तर तिनं ताट माझ्याम्होरं तसंच परत नेलं. ते ताट मी वळखलं, दिन्या. माझ्या घरात वर्सभर तसंच ताट फिरलं व्हतं.

टेबल शेडात उलटं पडलेलं. पोपटराव म्हणला, गणपती मंडळाला देऊन टाकू, प्रसाद ठेवायला चांगलं हाय. म्हणलं, तुझ्या पाठीवर ठेव प्रसाद. गुलाबतात्याला घेतलं आन टेबल चिंचंखाली आणलं.

मग एक सबंध दुपार मी एकटा छर्रा फिरवत बसलो. वहिनीच्या सातासाठी म्हणून तुझा तुकडा साताच्या समोरच्या पायाखाली घातला. छर्रा सात आन आठाच्या मधल्या पट्टीवर अडून आठात पडायचा. शेजारच्या पायाखाली बाभळीची एक पातळ कपची घातली. मग येऊ लागला. धा वेळात सहा वेळा तरी सात. माझं स्टूल मी त्या पायापाशी घेतलं, कुणी बघू नये म्हणून.

पयल्या दिवशी आतल्या दाराकडं तोंड करून वरडलो, "वहिनी, सातावर किती?" काय न्हाय. दुसऱ्या दिवशी परत. काय न्हाय. गुलाबतात्या म्हणला, "बबनराव, बरं दिसत न्हाय. दोन म्हयनं झालं न्हाईत अजून." म्हणलं, तुमी खेळा.

चौथ्या दिवशी आतनं आवाज आला. लई बारीक. "ठेवा पाच."

दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा छर्रा सातात बसला, टुक. मी कपाळाला हात लावला आन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वरडलो, "गेलं रं! वहिनी, सात आलं. उद्याची खुर्ची तुमची."

"मला नगं खुर्ची."

"नियम दिनूचा हाय, माझा न्हाय. खुर्ची रिकामी तर खेळ बंद."

काल गेलो तर खुर्ची रिकामी. पोपटराव बसायला गेला, मी असा डोळा वटारला की तो उभाच ऱ्हायला. चिंचोके मांडले आन आमी तिघं नुस्तं बसून ऱ्हायलो. तात्या खोकायला लागला. म्हणलं, जमलं न्हाय. दिन्यागत मला जमत न्हाय.

तवा दार उघडलं. वहिनी चा घेऊन आली. कप ठेवले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून टेबलाकडं बघितलं. मग खाली, माझ्या पायापाशी बघितलं. बराच वेळ बघितलं.

हळूच म्हणली, त्या दोघांना ऐकू जाऊ नये असं, "पट्टा त्यांचाच हाय न्हवं?"

म्हणलं, "व्हय."

"कापला तवा विळी माझी व्हती. धार गेली तिची. ती अजून लागली न्हाय."

म्हंजे तिला ठाऊक व्हतं. दोन वर्सं आतनं पाच-पाच चिंचोके हरत व्हती, माझ्यासाठी. नवरा-बायकोनं मिळून मला फसवलं. आन मी म्हणत व्हतो, नशीब.

आता टेबल उलटं करंल, असं वाटलं मला. तिनं पदर खोचला आन खुर्चीत बसली. "खेळा की," म्हणली, "बघत काय बसलाय? आन पोपट भावजी, तुमचा चा गार व्हतोय."

सातावर पाच लावले तिनं. थिर हातानं, माझ्याकडं न बघता. आठ लागला. पोपटरावाचा आठ! तो उड्या मारायला लागला. मी कपाळ बडवलं. खरंखुरं.

तर दिन्या, कबूल करतो. टेबल जागचं हलणार न्हाय. मी रोज येणार, हरणार, आन तुझ्यापेक्षा मोठ्यानं वरडणार. वहिनीची विळी आज घेऊन आलोय, धार लावून उद्या देतो. तो तुकडा हाय तितंच ऱ्हाईल. कवा तात्यावर, न्हायतर पोपटरावावर अशी वेळ आली, तर कुठल्या पायाखाली सरकवायचा ते मला आता येतंय. माझ्यामागं ते वहिनीला येतंय.

आन गप पड म्हणलो ते मागं घेतो.

तुझा, समोरच्या स्टुलावर बसून हरणारा,
बबन