अकराची पार्टी

५ नोव्हेंबर
ठरलं. लातूरचं घर डिसेंबरअखेर विकायचं आणि नांदेडला शिवानीच्या जवळ फ्लॅट घ्यायचा. तिची तारीख जानेवारीच्या मध्यावर आहे आणि डॉक्टरांनी प्रवास मना केला आहे. लेक माहेरी येऊ शकत नाही, तर माहेरच तिकडे न्यायचं. जगदेवीचं म्हणणं एकच: व्याह्यांच्या स्वयंपाकघरात विचारून विचारून लेकीचं बाळंतपण मी करणार नाही.
एजंट नेमला. नाव नरसिंग. घट्ट शर्ट, डोक्यावर गॉगल, दोन मोबाइल. स्वतःला कन्सल्टंट म्हणवतो. म्हणाला, अप्पा, रेट जरा लईच हाय. मी म्हणालो, पस्तीस वर्षं मार्केट यार्डात अडत केली, मला भाव शिकवू नको. माणूस मी नजरेत तोलतो. हा पोकळ आहे.

९ नोव्हेंबर
नरसिंगने घराची जाहिरात स्टेटसला टाकली. पहिला फोटो संडासाचा. झाकण उघडं. दुसऱ्या फोटोत घरापुढे तो स्वतः. घर त्याच्या खांद्यामागून डोकावतंय.
फोन करून झापलं. म्हणाला, अप्पा, आजकाल पार्टी कमोडच आधी बघते.

१४ नोव्हेंबर
पहिली पार्टी. उदगीरचं जोडपं. बोअर दाखवला. साडेसहाशे फूट. टँकरच्या वर्षी सगळी गल्ली कशी आपल्या पाण्यावर जगली ते सविस्तर सांगितलं. मोटर लावून दाखवली. नवरा सारखा घड्याळ बघत होता. असल्यांना पाण्याची किंमत काय कळणार?
जगदेवी म्हणाली, अहो, चाळीस मिनिटं बोअर आणि दोन मिनिटं घर! ती बाई बिचारी देवघर बघायचं म्हणून उभीच राहिली.
बायकांना विक्रीतलं कळत नाही.

२३ नोव्हेंबर
नऊ दिवसांत अकरा पार्ट्या! सगळ्या सकाळी अकराला. नरसिंगला शिस्त लागली, श्रेय माझं. प्रत्येकाला चहा, खारी, बोअर. सगळे हसत हसत जातात.
जगदेवी म्हणते, होकार देणारा माणूस असा हसत नसतो. पोरगी बघून नकार कळवणारे असे हसतात.
दुर्लक्ष केलं. शिवानीला सांगितलं, पंधरा दिवसांत नांदेडला येतो.

२ डिसेंबर
मागच्या गल्लीतल्या महादेवप्पाचं घर विकलं गेलं. आठ दिवसांत! अंधारं स्वयंपाकघर, बोअर नाही. घेणारे कोण, तर ते उदगीरचे. माझा दोन कप चहा पिऊन गेले होते. लोकांना अक्कल उरली नाही.

१० डिसेंबर, संध्याकाळ
त्याच गल्लीतल्या गुरम्माबाईंचंही घर विकलं. पेढे द्यायला बोलावलं म्हणून गेलो, तर पाटावर नरसिंग. अंगावर शाल, हातात नारळ. मला बघून उठायला लागला, नारळ सुटून सोफ्याखाली गेला.
गुरम्माबाई भोळी. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, तुमचे लई उपकार हायत, अप्पा. नरसिंग आधी तुमच्याकडं नेतो म्हणं. तुमचा रेट अन् बोअरची कथा ऐकून आलेल्या माणसाला आमचं घर लई स्वस्त वाटतंय. अन् शांत.
घरी आलो. जेवलो नाही.
यार्डात आम्हीही ओलसर सोयाबीनचा ढीग आधी दाखवायचो. मग मागचा साधा ढीगसुद्धा खरेदीदाराला सोनं वाटायचा. पण तो व्यापार होता. ही फसवणूक आहे.

११ डिसेंबर
नरसिंगला बोलावून घेतलं. सात मुद्दे काढून ठेवले होते. आल्या आल्या पाया पडला, त्यात पहिले तीन गेले. म्हणाला, अप्पा, रेट उतरवा, आठ दिवसांत विकतो. तीनदा बोललो तुम्हाला. खरं सांगा, विकायचंय का पण?
हाकलला. उद्धट.
गेटवर पाटी लावली: ‘मालकाकडून थेट विक्री. एजंटांनी फोन करू नये.’

१८ डिसेंबर
एकोणीस फोन. अठरा एजंट. एकोणिसावी जगदेवी, बसस्टँडवरून. नांदेडची गाडी लागली होती. सकाळी ती बॅग भरत असताना मी म्हणालो होतो, फ्लॅटचं ठरेपर्यंत तरी थांब. म्हणाली, तुमचं ठरेपर्यंत नात शाळेत जाईल. फोनवर एवढंच म्हणाली की माझ्या जेवणाचा डबा कुठे सांगितला आहे.
नात म्हणाली. नातूही असू शकतो.

२७ डिसेंबर
नरसिंगला शेवटची संधी दिली. अट एकच: रेट उतरणार नाही. लगेच हो म्हणाला. माणूस सुधारला असावा.

६ जानेवारी, सकाळी ११.४०
निलंग्याची पार्टी आली होती. मोटर सुरू केली तेवढ्यात जगदेवीचा फोन. शिवानीला मुलगी झाली. आठवडाभर आधीच. दोघी बऱ्या आहेत. मागून विहीणबाई विचारत होत्या, डिंक कोणत्या डब्यात? जगदेवी म्हणाली, थांबा, मी बघते. तिला आता त्यांचे डबे माहीत झालेत.
मला म्हणाली, दुपारच्या बसनं येता का? पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय.
पार्टीने अभिनंदन केलं. जाताना मागच्या गल्लीकडे वळली.
नरसिंग हळूच म्हणाला, उद्या अकराला दोन पार्ट्या हायत, अप्पा. तुम्ही पाहिजेच. तुमच्याशिवाय जमतच न्हाई.
इतकं निक्षून मला कोणी बऱ्याच दिवसांत सांगितलं नव्हतं.
जगदेवीला परवा येतो म्हणून कळवलं. उद्याच्या चहाला दूध अर्धा लिटर जास्त सांगितलं आहे.